साळुंकीचा शब्द आणि पहिला खड्डा

एका जंगलात, पाणवठ्याकाठच्या उंबरावर एक साळुंकी राहत असे. ढोलीत दोन पिलं आणि जिभेवर जंगलभराच्या बातम्या, असा तिचा संसार. पण मुलांनो, तिची एक गोष्ट मानायला हवी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती चोच उघडत नसे. त्यामुळे ‘साळुंकी म्हणाली’ म्हटलं की कुणी पुढे विचारत नसे.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. पाणवठ्यात जेमतेम गुडघाभर पाणी उरलं होतं आणि नेमकी तेव्हाच पाणवठ्याच्या पाटलाची निवडणूक आली. एका बाजूला रानडुक्कर, दुसऱ्या बाजूला सांबर. डुकराला मत द्यायचं तर चिंचोका टाकायचा, सांबराला द्यायचं तर सागरगोटा. त्यासाठी चार खड्डे खणलेले: एक पाणवठ्याच्या काठावर, एक वेळूच्या बनात, एक खडकाळीत आणि एक डोंगरावर. मोजणीचं काम कासवाकडे. निकाल लागला की नव्या पाटलाने सगळ्यांदेखत पाण्यात पहिली डुबकी मारायची, अशी त्या जंगलाची रीत होती. सांबर निवडून आलं तर खूर बुडवून बाहेर येणार. डुक्कर आलं तर सगळ्या गोतावळ्यासह लोळणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून साळुंकीच्या जिवाला घोर लागला होता. पिलांना पाजायला दुसरीकडे थेंबभरही पाणी नव्हतं.

दुपार कलली तशी मोजणी सुरू झाली आणि समोरच्या टेकाडावर मोराने आपला तमाशा मांडला. दहा मतं झाली की तो एक पीस उभं करी, आणि ते पाहायला ही गर्दी. शेजारी त्याने तीन जाणकार बसवले होते: पिंगळा, माकड आणि बेडूक. तिघं एकाच वेळी बोलत, त्यामुळे कुणाचं चुकलं ते कधीच कळत नसे. इतिहासात अशी चुरस झाली नव्हती, असं बेडूक छातीठोकपणे सांगत होता. त्या बिचाऱ्याचा हा पहिलाच उन्हाळा होता.

कासव जवळचा खड्डा आधी मोजी, कारण लांबच्या खड्ड्याशी पोचायला त्याला वेळ लागे. काठावरच्या खड्ड्यात निघाले चिंचोके चौऱ्याहत्तर आणि सागरगोटे नऊ. मोराची सात पिसं ताडकन उभी राहिली. “डुकराची लाट!” तो केकाटला. लगेच पिंगळ्याने लाटेची कारणं सांगितली, माकडाने सांबराच्या चुका मोजल्या, आणि साळुंकीच्या उंबराखाली होते नव्हते ते सगळे श्रोते टेकाडाकडे पळाले. मागे उरलं एक म्हातारं मुंगूस. तेही झोपलेलं होतं म्हणून.

इकडे डुक्कर पाण्याच्या कडेला एक पाय उचलून उभंच होतं. मोराचं ऐकून त्याचे भाऊबंद ढुशा द्यायला लागले, पण गडी हलेना. मोर काय, नाचणाराच, साळुंकीबाई म्हणतील तेव्हाच उतरेन, असं त्याने बजावलं. तेवढ्यात कोल्हा उंबराखाली आला आणि वर बघून म्हणाला, “बाई, बातमी नुसती खरी असून चालत नाही. आधी असावी लागते. उद्या तुमच्या झाडाखाली कुत्रंही फिरकणार नाही.”

साळुंकीने रिकाम्या सावलीकडे पाहिलं. खरं सांगतो, तिला रडू आलं. तिकडे कासव वेळूच्या बनाकडे निघालं होतं. जाता जाता ते म्हणालं, “अजून तीन खड्डे आहेत.” पण साळुंकीच्या कानात कोल्हा बसला होता. तिने मान ताणली आणि जंगलभर ऐकू जाईल असं ओरडली, “डुक्कर पाटील झालं!”

डुकराने उचललेला पाय खाली टाकला. त्याच्यामागे बायको, भाऊ, मेहुणे आणि एकवीस पिलं. अशी लोळण झाली की टेकाडावरच्या मोराच्या पिसांवरही शिंतोडे उडाले. सगळं जंगल हसत होतं, आणि उंबराखाली पुन्हा गर्दी जमली म्हणून साळुंकीही हसत होती.

दिवस मावळता मावळता कासव डोंगरावरून परत आलं. वेळूच्या बनात राहणारी हरणं, खडकाळीतले ससे, डोंगरावरची भेकरं, बहुतेकांनी सागरगोटेच टाकले होते. चारही खड्डे मिळून चिंचोके एकशे चार, सागरगोटे एकशे अठरा. पाटील झालं होतं सांबर. काठावर डुकरांचीच वस्ती, तिथल्या खड्ड्यात दुसरं काय निघणार, हे आता सगळ्यांना आठवलं.

डुक्कर खाली मान घालून बाहेर आलं. “बाईंनी सांगितलं म्हणून उतरलो,” एवढंच ते म्हणालं. त्याचं काही चुकलं नव्हतं. सांबराने रीत म्हणून खूर बुडवला, तो चिखलात रुतला. गाळ खाली बसेपर्यंत तीन दिवस पाण्याला कुणी शिवायचं नाही, हा नव्या पाटलाचा पहिला हुकूम. टेकाडावर मात्र, सांबर येणार हे आपण सकाळीच ओळखलं होतं, असं तिघे जाणकार एकाच वेळी सांगत होते. हुकूम सुटायच्या आतच साळुंकी पाण्याशी गेली होती; ती चोच भरून ढोलीत आली आणि पिलांनी आ वासले. तिच्या चोचीतून नुसता चिखल गळला. तीन दिवस तिने मैलभर लांबून दवाने भिजलेली पानं वाहिली, तेव्हा कुठे पिलं जगली.

पुढच्या निवडणुकीत पहिला खड्डा मोजून झाला आणि कोल्हा पुन्हा उंबराखाली आला. साळुंकी म्हणाली, “अजून तीन खड्डे आहेत.” झाडाखाली मुंगसाशिवाय कुणी नव्हतं. पण पाण्याच्या कडेला डुक्कर उंबराकडे डोळे लावून पाय उचलून उभं होतं, आणि पायाला मुंग्या आल्या तरी दिवस मावळेपर्यंत त्याने तो खाली टेकवला नाही.

तात्पर्य : पहिल्या खड्ड्यावरून निकाल कळत नाही, त्या खड्ड्यापाशी कोण राहतं तेवढंच कळतं, आणि ज्याच्या शब्दावर लोक पाऊल टाकतात, त्याने घाई करू नये.