दोन बोटं

"कापायचा का नाही, तेवढंच सांगा वस्ताद. बाकी काही बोलू नका."

असं म्हणत भूपाल वजनकाट्यावर आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि एका पायातली चप्पल कुठं तरी राहिली होती.

वस्ताद म्हणजे नबीसाहेब शिकलगार, मिरजेबाहेर ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या आमच्या ओळीतले सगळ्यांत जुने मिस्त्री. हातातला हातोडा सुटल्यापासून ते काट्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात आणि वजनाला येणाऱ्या गाड्या बघतात. मी शेजारचा ताडपत्रीवाला. गिऱ्हाईक नसलं की मीही तिथंच असतो.

"काय कापायचा?" वस्तादांनी विचारलं.

"कॅबिनवरचा ताज."

वस्तादांनी बशीतला चहा संपवला. मग बशी कपावर उपडी घातली.

"बस."

"बसायला वेळ नाही ओ. सहाला मैदानाचं दार बंद होतंय. जायलाच दोन तास लागतील."

भूपाल अकरा वर्षं वस्तादांच्या हाताखाली होता. सहा वर्षांपूर्वी वेगळा झाला, तोही "वस्तादांची गाडी ओझ्याला बरी, बघायला नाही" असं चारचौघांत बोलून. कामाला तो वाघ, यात वाद नाही. पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

कोल्हापूरच्या मैदानावर सजवलेल्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. एका मोठ्या मालकानं त्यासाठी भूपालला बॉडी चढवायला नवी कोरी चासी दिली आणि चार महिन्यांचं काम पन्नास दिवसांत मागितलं. गाडी वेळेत मैदानात उभी राहिली तर पुढच्या सगळ्या गाड्या भूपालच्या शेडमध्ये येणार. नाही राहिली तर त्या जागेवर दुसऱ्याची गाडी लागणार आणि भूपालच्या दारात पुन्हा कुणी चासी आणणार नाही. मालक हे त्याला तोंडावर बोलून गेला होता.

पन्नास दिवस शेडचं दार बंद. बाहेर सुंदर अक्षरांत पाटी, 'आत येऊ नये.' मी एकदा ताडपत्रीचं माप घ्यायला गेलो तर दारातूनच म्हणाला, "शोच्या गाडीला ताडपत्री कशाला, तात्या?" मला राग आला होता. अजून आहे थोडा.

"का कापायचा?" वस्ताद म्हणाले.

"दारातनं निघंना. वरच्या गर्डरला अडतोय."

"किती?"

"दोन बोटं."

"हवा?"

"सोडली की. आधी चार बोटं अडत होता. आणखी सोडली तर टायर फाटतील."

"गर्डर?"

"त्याच्यावर अख्खं छप्पर हाय."

"ताज खोलून काढ."

भूपालनं मान खाली घातली.

"बोल्ट न्हाईत व्हय त्याला?"

"जोड दिसू नये म्हणून... वेल्डिंग मारलंय. कॅबिनशी एक करून टाकलाय."

वस्तादांनी नुसती मान हलवली. पितळी पत्र्याचा तो ताज भूपालनं पाकळी न् पाकळी हातानं ठोकून घडवला होता. पाच आठवडे त्यानं दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता.

"माप घेतलं न्हवतंस?"

हे मात्र त्याला लागलं. "दोनदा घेतलं. ताज बसवला त्या दिवशी गाडी दारापर्यंत आणून बघितली. हवा भरलेली होती, तरी बोटभर जागा उरत होती. सगळ्या कामगारांनी बघितलंय."

"मग पोरगी पंधरा दिवसांत वाढली म्हणायची."

"चेष्टा नका करू, वस्ताद. मला येड लागायची पाळी आलीय. ग्राइंडर लावून ठेवलाय. कापून मैदानात पुन्हा जोडला तर डाग दिसंल, सगळे हसतील. पण गाडी तरी पोचंल... तुम्ही हो म्हणा, कापतो."

त्याचे डोळे भरले होते. माझा राग तिथंच निम्मा झाला.

तेवढ्यात शहाबादी फरशीनं भरलेली एक गाडी काट्यावर चढली. वस्ताद काठी टेकत उठले, गाडीच्या मागच्या चाकापाशी गेले आणि चाक आणि वरचा पत्रा यांच्या मधल्या फटीत हात घालू लागले. हात जाईना. बोटांची टोकं तेवढी शिरली.

"बघितलंस?"

"काय बघू? पावणेतीन झाले, वस्ताद."

"चल."

काट्यापासून भूपालची शेड शंभर पावलं. वस्ताद काठी टेकत, थांबत चालले. भूपाल पुढं पळायचा, मागं यायचा, पुन्हा पळायचा. त्याला त्यांना उचलून न्यावंसं वाटत असणार. मलाही वाटत होतं.

शेडबाहेर सगळी ओळ जमली होती. वेल्डर, रंगारी, टायरवाले, वायरिंगवाले, चहाची टपरी चालवणारे नवराबायको. अडलेली गाडी बघायला कुणाला आवडत नाही? पण पाटीच्या आत एकानंही पाऊल टाकलं नव्हतं.

वस्ताद पाटीकडं न बघता सरळ आत गेले. त्यांच्या मागं मीही शिरलो.

गाडी देखणी होती, खोटं कशाला बोलू. बाजूच्या फळ्यांवर मोर, आरशांच्या नक्षीचं तोरण, वर तो ताज. भूपाल गाडीकडं न बघता वस्तादांच्या तोंडाकडं बघत होता. एकदा तरी त्यांनी मान वर करावी, एवढीच त्याची आशा होती.

वस्तादांनी ताजाकडं बघितलंच नाही. ते मागच्या चाकापाशी वाकले आणि वरच्या फटीत हात घातला.

बोटं गेली. पंजा गेला. मनगट गेलं... कोपरापर्यंत हात आत गेला.

तो हात त्यांनी तसाच ठेवला.

ग्राइंडर घेऊन उभा असलेला कामगार हळूच म्हणाला, "मालक, कापू का?"

भूपाल त्या हाताकडं बघत होता. मग त्यानं वर, गाडीच्या मागच्या रिकाम्या हौद्याकडं बघितलं. मग तो मटकन खाली बसला.

"माल..." तो म्हणाला. "शेड लहान म्हणून सगळा माल गाडीतच रचला होता. पत्रा, अँगल, प्लाय, जनरेटर... माप घेतलं तवा आत पाच टन असंल."

"आन् आता?"

"आता काहीच नाही. उरलेला माल कालच दुकानदारानं परत नेला. रिकामी हाय."

ओझ्याखाली चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबले होते. ओझं उतरलं तसे पाटे उचलले आणि गाडी ताजासकट वर आली. अकरा वर्षं ओझ्याच्या गाड्या बांधलेला माणूस हे विसरला होता. शोच्या गाडीत ओझं असतंय कुठं?

भूपाल ताडकन उठला. "वाळू मागवतो. ट्रॉली आली की झालं."

त्यानं फोन लावला. पलीकडचा माणूस दीड तास म्हणाला. दुसरा तर फोनच उचलेना. भूपालनं घड्याळ बघितलं. तीनला पाच कमी होते.

"नाही जमत, वस्ताद." त्यानं कामगाराच्या हातातला ग्राइंडर घेतला. घाईत तो चालू करायचं बटणही त्याला सापडेना.

"ओझं वाळूचंच लागतंय व्हय?" वस्तादांनी विचारलं.

भूपालनं दाराकडं बघितलं.

आमच्या ओळीत एक जुनी रीत आहे. गाडी पुरी झाली की ओळीतली सगळी माणसं हौद्यात चढतात, वर उभं राहून गूळखोबरं खातात आणि गाडी त्यांना घेऊनच दारातून बाहेर पडते. वस्तादांच्या शेडमधून एकही गाडी कधी रिकामी निघाली नाही. भूपालनं वेगळं झाल्यावर पहिल्याच गाडीला ही रीत मोडली. पाय लागले की काम खराब होतं म्हणे. आम्हालाही ती रीत गूळखोबऱ्यापुरतीच वाटायची.

"खालची फरशी..." भूपाल पुटपुटला. हौद्याला त्यानं स्टीलची फरशी केली होती. आठ दिवस घासून आरसा केलेली. तो स्वतः तिच्यावर मोजे घालून चालायचा.

मागची शिडी धरून वस्ताद वर चढले, पायातल्या धुळीच्या चपलांसकट. वर गेल्यावर त्यांनी तोल सावरायला काठी टेकली. काठीला खाली लोखंडी टोक होतं. ते कर्रर्र करत वीतभर सरकलं.

भूपालनं डोळे मिटून घेतले. आता हा रडणार की ओरडणार, मला कळेना.

त्यानं डोळे उघडले तेव्हा वस्ताद हौद्याच्या पुढच्या टोकाला, कॅबिनला पाठ लावून बसले होते.

तो दारात गेला. खुंटीवरची पाटी काढली आणि तिचं काय करावं ते न सुचून काखेत धरली. आम्हा सगळ्यांकडं बघत राहिला.

"या..." तो म्हणाला. "आत या की सगळे. मला... मला तुमचं वजन पाहिजे. तात्या, तुम्हीपण."

सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं कुणाकडं काही मागितलं होतं. मीच आधी चढलो. का ते मलाही सांगता येणार नाही.

माझ्यामागून सगळे आले. काहीजण चपला काढू लागले.

"राहू द्या," भूपाल म्हणाला. "वेळ नाही."

साठ माणसं चढली. खांद्याला खांदा लागला, तळपायाखाली गाडी हळूहळू बसल्यासारखी झाली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. भूपाल पुढं उभा, एक हात वर, नजर गर्डरवर. गाडी वीत वीत सरकली. ताजाची मधली पाकळी गर्डरच्या अगदी टोकाशी आली... आणि गेली खालून. मध्ये नखाएवढी जागा. तेवढा वेळ साठ माणसांत कुणी शिंकलंसुद्धा नाही.

बाहेर उन्हात ताज लखलखला. टायरवाल्याची नळी लावून ड्रायव्हरनं चाकांत हवा भरली. सव्वातीन झाले होते.

भूपालनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. हात जोडले. "लई उपकार झाले तुमचे. जन्मभर विसरणार नाही. उतरा आता. मला निघायला पाहिजे."

माणसं उतरायला लागली. टपरीवाली सगळ्यांत आधी उतरली, चहा उतू जाईल म्हणून. गाडी केसभर वर आल्यासारखी वाटली.

वस्ताद मात्र हलले नाहीत. काठी मांडीवर आडवी घेऊन बसून राहिले.

"वस्ताद, हात देतो. तुम्हीबी उतरा," भूपाल शिडीवरून म्हणाला. "मैदान लांब हाय."

"व्हय," वस्ताद म्हणाले. "पन मैदानालाबी दार असंल की."