घाम हरवलेलं नगर

एका राज्यात... सांगतोय, जरा दम धरा. "आजोबा, ती उकाड्याची गोष्ट लिहून द्या" म्हणून माझं डोकं खाल्लंत, आता बसलोय तर निमूट वाचा. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि मधेमधे कुणी शिकवायला आलेलं मला खपत नाही.

तर एका राज्यात एक नगर होतं. नगराला राजा होता, राजाचं नाव शुभ्रकेतू. डाग दिसला की त्याचं डोकं फिरे. ओल दिसली की त्याला जेवण जात नसे. रांजणाखाली पाणी पाझरलं, बोलवा सेवकाला! भिंतीवर शेवाळ आलं, बोलवा गवंड्याला! अंगणातली माती पायाला लागते म्हणून त्यानं सगळ्या नगराला फरशी घातली. एकदा परराज्याचे पाहुणे दरबारात बसले असता माठाचा ओघळ गालिच्यावर आला आणि एका पाहुण्याची मोजडी भिजली. झालं. राजानं जादूगार शोषनाथाला बोलावणं धाडलं.

शोषनाथ गिधाडावर बसून आला. गिधाड त्यानं बाहेर खांबाला बांधलं.

राजा म्हणाला, "या नगरात माझ्या नजरेला काही पाझरताना दिसता कामा नये."

"तथास्तु," शोषनाथ म्हणाला. "पाझरायचं राहील त्या पाण्याचं काय करू?"

"वाया घालवू नका. खजिन्यात टाका."

शोषनाथानं चिमूटभर राख उडवली, गिधाड सोडलं आणि तो गेला.

तेव्हापासून राजाची नजर ज्या ज्या वस्तूवर पडली होती, तिचा पाझर थांबला. आणि राजा तर हत्तीवरून रोज नगर बघत फिरणारा, त्याच्या नजरेतून सुटणार काय? माठांचा घाम गेला. झाडांच्या पानांतून वर जाणारी ओल गेली. माणसांना घाम येईना. आणि अडलेला प्रत्येक थेंब खजिन्यात मोती होऊन टपकू लागला.

लोक आधी खूश झाले, मूर्ख कुठले! सदरे मळत नाहीत, अंगाला वास येत नाही, आमचा राजा म्हणजे राजा! मग ऊन तापलं. अहो, माठ घामेजतो म्हणून पाणी गार होतं. झाड घामेजतं म्हणून सावली गार लागते, नाहीतर छत्रीखाली उभं राहिलं काय आणि वडाखाली उभं राहिलं काय, सारखंच. माणूस घामेजतो म्हणून उन्हाळ्यातून जिवंत बाहेर पडतो. एवढी साधी गोष्ट कळायला राजा व्हावं लागत नाही. उलट राजा झालं की नेमकी तीच कळेनाशी होते.

फरशी तव्यासारखी तापली. कुत्री पाय उचलून उचलून चालू लागली. तेव्हा प्रधान विसाजीपंत पुढे झाला. त्यानं चौकाचौकांत सोन्याच्या छत्र्या उभारल्या, त्या अशा तळपल्या की वाटसरू आंधळे होऊन एकमेकांवर आपटले. त्यानं हत्तींकडून मोठे पंखे ओढवले, त्यांतून भट्टीचा वारा आला आणि हत्ती खाली बसले. शेवटी त्यानं भिंतीभिंतींवर हिरवी झाडं रंगवून घेतली आणि दवंडी पिटवली, की नगर हिरवंगार झालेलं आहे, सबब कुणाला उकडत नाही.

हे सगळं राजाची थोरली बहीण भानुमती बघत होती. तिला सगळे आक्कासाहेब म्हणत. जाडजूड बाई, गुडघे दुखरे, तोंड फटकळ. राजाची राणी बाळंतपणात गेली, तेव्हापासून राजकन्या इंदुलेला हिनंच वाढवलेलं. पोर नुकती बोलायला लागली होती. आक्काला ती "आका" म्हणे, आणि त्या एका हाकेवर ही सगळा महाल डोक्यावर घेई.

त्या पोरीला ताप भरला.

वैद्य आले, नाडी बघितली, म्हणाले, "घाम फुटला की ताप उतरेल."

"आणि घाम कुठून फुटणार?" आक्का म्हणाली.

वैद्यांनी काढा दिला आणि घरचा रस्ता धरला. आक्कानं कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, त्यांतलं पाणी तिथंच बसून कढत झालं. तिनं पोरीला वेशीबाहेर नदीवर नेलं, तर शाप अंगाबरोबर तिथंही आला. पोरगी लाल झाली, मग पांढरी पडू लागली. हाका मारेनाशी झाली.

आक्का भावाकडे गेली. "शुभ्या, शाप परत घे."

"आक्का, मी शाप दिलेला नाही. मी स्वच्छता मागितली."

"तुझी स्वच्छता घाल चुलीत!" ती म्हणाली आणि काठी घेऊन निघाली.

माळरान ओलांडलं की काळा खडक होता, तिथं शोषनाथ राहत असे. वाटेत एक टिटवी आडवी आली आणि माणसाच्या बोलीत ओरडू लागली, "कुठं होता इतके दिवस? आं? माझी अंडी महालाच्या गच्चीवर आहेत. उन्हात अंडी गार ठेवायला मी नदीत पोट भिजवून येते, ओल्या पिसांनी त्यांवर बसते. माझी आई हेच करायची, तिची आई हेच करायची. आता ते पाणी अंड्यांवर बसून उकळतं! पिल्लं उबवू की अंडी उकडू, सांगा!"

"मला कशाला ओरडतेस?"

"दुसरं कुणी थांबत नाही!"

"चल मग बरोबर," आक्का म्हणाली. दोघी जणी भांडत भांडत काळ्या खडकावर पोचल्या.

शोषनाथ चिलीम ओढत बसला होता. तो म्हणाला, "बाई, मी शाप देत नाही. मागतात ते देतो. राजे असलंच मागतात, मी थकलो. आता ऐका. राजाची नजर कधीच पडली नाही, अशा तीन ओल्या वस्तू नगरात उरल्या आहेत. ओली माती, ओलं पान, ओलं मडकं. त्या त्याच्यापुढे न्या. त्यानं उघड्या डोळ्यांनी त्या बघाव्यात आणि 'पाझरू दे' म्हणावं. त्यानं तोंड फिरवलं, तर त्या तीनही सुकतील. मग मलाही काही करता यायचं नाही."

"कुठं आहेत त्या?"

"ते मला माहीत असतं तर त्याही सुकवल्या नसत्या का?"

परतताना टिटवी म्हणाली, "माती मला ठाऊक आहे. दरबारात मुंग्या सिंहासनाखालून अंडी तोंडात धरून ये-जा करतात. मुंगी कोरड्यात बिऱ्हाड करत नाही."

बरोबरच होतं. राजा सगळं नगर बघत होता, स्वतःच्या बुडाखाली बघायला त्याला सवड नव्हती.

राजा दुपारी तळघरात झोपला असताना आक्का पहार घेऊन दरबारात शिरली. पहारेकरी म्हणाला, "आक्कासाहेब, सिंहासन हलवणं हा राजद्रोह आहे."

"मग डोळे मीट. आणि मिटलेस की तो पाय तिकडून धर."

त्यानं डोळे मिटले आणि पाय धरला. सिंहासन सरकलं, फरशी उचकटली. खाली काळी, गार, मऊ माती. आक्कानं तिच्यात हात घातला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. मग मूठभर माती पदरात बांधली.

पान खजिन्याच्या मागल्या भिंतीला होतं. चिरेत पिंपळाचं रोपटं उगवे आणि राजाला दिसण्याआधी प्रधान ते उपटून टाकी. उपटलं की ते पुन्हा उगवे. त्या दिवशीही विसाजीपंत शिडीवर चढलेलाच होता.

"हात लावलास तर शिडी ओढीन," आक्का खालून म्हणाली.

"आक्कासाहेब, भिंतीची शोभा जाते."

"तुझ्या रंगवलेल्या झाडांखाली जाऊन बस जरा. बस आणि सांग मला, गार लागतं का ते."

प्रधानानं पुढे केलेला हात मागे घेतला. तो काल बसून आला होता.

"आता उतर आणि इथंच उभा राहा," ती म्हणाली. "तुझी सावली त्याच्यावर पडू दे. जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडशील." तिनं एक पान खुडलं. त्याच्या शेपटासारख्या टोकाला एक थेंब लोंबत होता. ते तिनं मातीत खोवलं.

राहिलं मडकं. टिटवीनं सगळी घरं, सगळी दुकानं धुंडाळली. राजानं भांडं न् भांडं बघून ठेवलेलं. टिटवी हरून गच्चीवर अंड्यांशी जाऊन बसली.

मग आक्काच्या मनात आलं आणि तिनं काठी उचलली. राजाच्या नजरेला कधीच न पडणारं मडकं एकच असतं. सरणाभोवती फिरवायचं मडकं. राजानं ते बघू नये, अशी त्या राज्यात पूर्वापार चाल. कुंभार ते वेगळं भाजतात, आडोशाला झाकून ठेवतात, आणि घरात कुणी गेल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत.

आक्का राही कुंभारणीच्या दारात उभी राहिली. काय हवं ते ऐकून राहीनं तोंडावर पदर घेतला.

"आक्कासाहेब, बाळ..."

"जिवंत आहे. दे लवकर."

"जिवंत असताना हे महालात न्यायचं नसतं हो."

"तिच्यासाठीच नेतेय, राही. ती गेल्यावर न्यायची वेळ येऊ नये म्हणून."

राहीनं आडोशामागून मडकं काढलं. पाण्यानं भरलं. थोड्या वेळानं त्याच्या पोटावर बारीक घाम आला. दोघी त्या घामाकडे बघत राहिल्या, सोनं बघावं तशा.

आक्का ते डोक्यावर घेऊन रस्त्यानं निघाली आणि सगळा घोटाळा झाला. मडकं बघून लोकांनी पागोटी उतरवली. बायका दारात बसून रडू लागल्या. दुकानदारांनी फळ्या लावल्या. "गेली हो राजकन्या, गेली!"

"जिवंत आहे!" आक्का ओरडत होती. "अरे, बाजूला व्हा! रडताय काय मेल्यांनो, वाट द्या!" पण रडणारा माणूस कधी ऐकतो का? तो आकांत तिच्या आधी महालात पोचला.

ती इंदुलेच्या खोलीत शिरली, तेव्हा राजा पलंगापाशी गुडघ्यांवर बसला होता. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते.

"आक्का, मला ते दाखवू नकोस."

"डोळे उघड. हे तिन्ही बघ आणि 'पाझरू दे' म्हण, शाप सुटेल."

"सगळं नगर रडतंय. मला कळलं. मला दाखवू नकोस." आणि त्यानं तोंड फिरवायला सुरुवात केली.

पदरातली माती कडेनं भुरकट होऊ लागली. पानाचा थेंब आक्रसला. दारात प्रधान येऊन उभा होता, तो कुजबुजला, "महाराज, बघू नका, अशुभ आहे. आणि मोत्यांचं पाणी होईल."

आक्कानं मडकं खाली ठेवलं आणि पदराची गाठ सोडून माती नि पान त्याच्याशेजारी ठेवलं. एरवी तिनं भावाला शिव्या घातल्या असत्या. आज नाही. तिनं त्याचा हात धरला, ओढला आणि पोरीच्या छातीवर ठेवला. छाती निखाऱ्यासारखी तापलेली. खाली काहीतरी चिमणीएवढं धडधडत होतं.

"मेलेलं माणूस इतकं तापतं का रे, शुभ्या?"

राजाचा हात तिथंच राहिला. मग त्यानं डोळे उघडले. माती बघितली. पान बघितलं. मग मडकंही बघितलं, त्याच्या पोटावरून ओघळणारी धार फरशीवर पोचेपर्यंत बघितलं.

"खजिना सगळा जाईल?" त्यानं विचारलं. तेवढ्यातही विचारलंच. राजाच तो.

"जाईल."

"जाऊ दे," राजा म्हणाला. "पाझरू दे."

आधी काहीच झालं नाही. आक्का पोरीच्या तोंडाकडे बघत होती. वरच्या ओठावर एक ठिपका चमकला. मग दुसरा. मग कपाळ ओलं झालं, मान ओली झाली, केस चिकटले. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं, "आका!"

आक्का मटकन खाली बसली. गुडघ्यांचं तिला भान राहिलं नाही.

तिकडे खजिन्याचं दार फुटलं आणि पाणी गल्ल्यागल्ल्यांतून धावलं. वेशीपासून महालापर्यंत माणसं घामानं निथळली आणि एकमेकांना मिठ्या मारू लागली. वास आला तर आला! टिटवी पोट भिजवून गच्चीवर बसली आणि अंडी गार झाली. शाप सुटला.

मग राज्याची घडी बसली. राजानं निम्मी फरशी उखडली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वड, करंज, कडुलिंब लावले, त्यांच्या मुळाशी पाट वाहवले, मोहल्ल्यामोहल्ल्यात तळी खणली, चौकाचौकात पाझरते माठ ठेवले. हत्ती त्या तळ्यांत डुंबू लागले. विसाजीपंताला झाडांना पाणी घालायच्या कामाला लावलं आणि ते त्याला चांगलं जमलं. राजानं टिटवीची माफी मागितली, कुंभारणीची मागितली, आक्काची सगळ्या दरबारासमोर मागितली. प्रधानानं पिंपळापुढे हात जोडले. त्या राज्यात ज्यानं ज्यानं सावली मोडली होती, त्यानं त्यानं येऊन चूक कबूल केली.

असा गारवा त्यांना मिळाला, तो तुम्हांआम्हांला मिळो. मला मात्र तो एवढ्यात मिळायचा नाही, कारण पाला पत्र्यावर पडतो म्हणून माझ्या दारचा कडुलिंब बुंध्यापासून कापला आणि आजवर तोंड उघडून माफीचा एक शब्द बोलला नाही, तो शेजारचा गजाबा खरमाटे.