बेहड्याची पानगळ

फार जुनी गोष्ट. तेव्हा झाडं एकमेकांशी बोलत असत. एका डोंगरउतारावर तरणा साग आणि म्हातारा बेहडा शेजारी शेजारी उभे होते. दरवर्षी बेहड्याची सगळी पानं सागाच्या बुंध्याशी गळायची.

"आजोबा, तुमचा हा कचरा माझ्या दारात नको," साग चिडून म्हणायचा. बेहडा नुसता हसायचा. शेवटी सागाने वाळवीला बेहड्याचा बुंधा दाखवला. तीन वर्षांत म्हातारा कोसळला आणि साग मोकळ्या उन्हात खुशीने वाढू लागला.

पण काही पावसाळे गेले, आणि त्याची पानं पिवळी पडू लागली. मुळं वरच्या हातभर मातीत चाचपडत राहायची, हाती काहीच लागत नसे. घाबरून त्याने मातीतल्या गांडूळमावशीला विचारलं, "मावशी, माझं जेवण गेलं कुठे?"

"आहे ना, खाली मुरमात," मावशी म्हणाली. "तुझी मुळं तिथवर जात नाहीत, बेहड्याची जायची. तो ते वर ओढून पानांत भरायचा आणि तुझ्या पायाशी टाकायचा. मी त्या पानांची माती करायचे."

सागाने खाली पाहिलं. त्याच्या दाट सावलीत बेहड्याचं एक वीतभर रोप खुरटत होतं.

"याची मुळं मुरमात कधी पोचतील?"

"तुझ्या हयातीत नाही, बाळा."

त्या वर्षी सागाने रोपावर सावली धरणारी आपली सर्वांत मोठी फांदी वाळू दिली.