वाकलेल्या गावाचा प्रश्न

फार पूर्वी, गोदावरीच्या काठी पोतन नगरात राजा भद्रसेन राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका ब्राह्मणकुळात जन्माला आले आणि वयात आल्यावर वरुणदत्त नावाचे आचार्य झाले. नगराबाहेर राजाच्या आमराईत पाचशे शिष्य त्यांच्याजवळ शिकत. त्या वर्षी राजाने दवंडी पिटवली होती. माघी पौर्णिमेला सगळ्या आश्रमांची परीक्षा होणार होती. ज्यांच्या शिष्यांचे पाठांतर निर्दोष ठरेल, ते आचार्य राजगुरू होणार होते. वरुणदत्तांचा पट्टशिष्य कपिलक एका अक्षरालाही चुकत नसे. त्यामुळे राजगुरू कोण होणार याविषयी नगरात कोणालाच शंका नव्हती.

शरद ऋतू लागला होता. एके सकाळी वेणुका नावाची एक बाई आमराईत आली. ती सात दिवस चालून आली होती. तिचे गाव दूर डोंगराच्या पायथ्याशी होते आणि त्या गावातली माणसे वाकत असत. तिशी उलटली की पाठ धनुष्यासारखी होई आणि मान वर उचलता येत नसे. वेणुकेचा नवरा गेल्या वर्षीपासून आकाश पाहू शकत नव्हता. आठ वर्षांच्या थोरल्या मुलीचे पाय गुडघ्यांतून बाहेर वळले होते. धाकटी चित्रा नुकती भिंत सोडून चालायला लागली होती. तिची ती चार सरळ पावले पाहून घरात सगळे हसले, आणि वेणुका मात्र चुलीपाशी जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी मुलींना सासूपाशी ठेवून ती घराबाहेर पडली.

आदल्या वर्षी गावाकडे आलेल्या राजपुरोहितांनी तिला सांगितले होते की गावाला पूर्वजांचा शाप आहे. तिने शापाची शांती केली, पण माणसे वाकायची थांबली नाहीत.

"आचार्य," ती म्हणाली, "आमची माणसं का वाकतात?"

पाठ थांबला. पाचशे शिष्य ऐकू लागले. वरुणदत्त म्हणाले, "मला माहीत नाही."

आपल्या गुरूंच्या तोंडून हे शब्द शिष्यांनी कधी ऐकले नव्हते. काहींनी माना खाली घातल्या. वेणुकेने गाठोडे उचलले.

"एवढं ऐकायला मी तान्ह्या पोरीला सोडून आले," ती हळूच म्हणाली.

"थांब, बाई. मला माहीत नाही, पण तुझा प्रश्न मी रिकाम्या हाताने परत पाठवणार नाही. तुला थोडे दिवस राहता येईल?"

दुसऱ्या दिवशीपासून आमराईतले पाठांतर बंद झाले. आचार्यांनी वेणुकेला मधोमध बसवले आणि शिष्यांना सांगितले, "आजपासून हिचा प्रश्न हाच आपला पाठ. हिला विचारा."

शिष्यांना विचारता येईना. त्यांना उत्तरे तेवढी येत होती. एक म्हणाला, हा वाताचा विकार आहे. दुसरा म्हणाला, हे पूर्वकर्म. आचार्य प्रत्येकाला एवढेच म्हणत, "हे तू ऐकलंस की पाहिलंस?" आणि तो खाली बसे. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एकाने चाचरत विचारले, "माई, तुमच्याकडे खातात काय?" आणि मग प्रश्न वाहू लागले. शेतात काय पिकते, घरांना छप्पर कशाचे, निजायचे कशावर, पोरे कोणत्या वयात वाकतात, बाया आधी की पुरुष आधी.

वेणुका उत्तरे देत राही. उत्तर द्यायचे तर घर डोळ्यांपुढे आणावे लागे, आणि घर आले की त्याबरोबर सगळेच येई. पोरी जेवतात काय असे कोणी विचारले, की तिला चित्रेचे नाचणीच्या पेजेने माखलेले तोंड दिसे. निजतात कशावर म्हटले, की थोरलीचा गरम श्वास दंडाला जाणवे. चित्रा आता किती पावले चालत असेल? आपल्याला विसरली तर नसेल? संध्याकाळी ती आमराईच्या दक्षिण टोकाला जाऊन उभी राही. तिकडून तिचे डोंगर दिसत नसत, पण वाट तिकडेच जात होती.

कपिलक मात्र वर्गात येऊन तोंड फिरवून बसे. शरद सरल्यावर एक दिवस त्याने आचार्यांना गाठले.

"परीक्षेला दोन महिने उरले आहेत. पोरं श्लोक विसरू लागली आहेत. एका बाईच्या प्रश्नापायी आपण सगळं घालवणार का?"

"तुला हिचं उत्तर ठाऊक आहे?"

"नाही."

"मग तुला श्लोक पाठ आहेत म्हणजे नेमकं काय आहे, कपिलक?"

कपिलक त्या दिवशी जेवला नाही. तीन दिवस तो कडेला बसून इतरांचे प्रश्न ऐकत राहिला. चौथ्या दिवशी तो पहिल्यांदाच वेणुकेसमोर येऊन बसला. "माई, आम्ही सगळे वाकलेल्यांविषयी विचारत आलो," तो म्हणाला. "तुमच्या गावात न वाकलेलं कोणी आहे का?"

वेणुकेला हे कोणीच विचारले नव्हते. तिने स्वतःलाही विचारले नव्हते. "वरच्या आळीतले मेंढपाळ," ती सावकाश म्हणाली. "त्यांचे म्हातारेसुद्धा ताठ आहेत."

"ते वेगळं काय खातात?"

"आम्ही खातो तेच."

"त्यांची मुलगी खालच्या आळीत नांदायला आली तर?"

"माझी जाऊ त्यांच्यातली. दहा वर्षांत वाकली. तिची बहीण वरच राहिली, ती अजून डोक्यावरून भारा आणते."

"खाली आल्यावर तिचं काय बदललं?"

ती आठवू लागली. घर, चूल, शेत, सगळे सारखेच. मग तिने तोंडावर हात ठेवला. "पाणी. ते ओढ्याचं पितात. आम्ही विहिरीचं."

ती विहीर काळ्या खडकात खोल खोदलेली होती आणि गावाला तिचा मोठा अभिमान होता, कारण ती राजा भद्रसेनाच्या आजोबांनी खोदवली होती.

शिष्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, पाणीच. कोणी म्हणाले, एवढ्यावरून कसे ठरवायचे, दुसरी गावे पाहिली पाहिजेत. आचार्यांनी सगळ्यांचे ऐकून घेतले. मग ते वेणुकेकडे वळले.

"बाई, खात्री व्हायला आम्हाला वर्षं लागतील. तुझ्या मुलीपाशी तेवढी वर्षं नाहीत. ओढ्याचं पाणी पाजून नुकसान काही नाही. आम्ही शोधत राहू. तू आजच नीघ."

कपिलकाने न सांगता आपली वळकटी बांधली आणि तो तिच्याबरोबर गेला.

माघी पौर्णिमेला वरुणदत्त दरबारात उभे राहिले. त्यांचे शिष्य जागोजाग अडखळले. राजाने कारण विचारले. आचार्यांनी विहिरीसकट सगळे सांगितले. आपण चुकत असू शकतो, असेही सांगितले, आणि राजाने स्वतः माणसे पाठवून पाहावे अशी विनंती केली. आजोबांच्या पुण्यावर डाग आला असे राजाला वाटले. राजगुरुपद दुसऱ्याला मिळाले. आमराई परत घेतली गेली. पाचशेपैकी तेवीस शिष्य आचार्यांबरोबर पूर्वेच्या अरण्यात गेले.

तिकडे वेणुका घरी पोचली तेव्हा चित्रा सासूच्या पदराआड लपली. आईला ओळखायला तिला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत वेणुका ओढ्यावरून पाण्याच्या खेपा करीत राहिली. गाव हसले. सासूने घागर लाथाडली. कपिलक दारोदार जाऊन ज्याला-त्याला तोच प्रश्न विचारी, "इथे न वाकलेलं कोण आहे, आणि का?" हळूहळू एकेक घर ओढ्याची वाट चालू लागले.

नवऱ्याची पाठ सरळ झाली नाही. थोरलीचे पायही तसेच राहिले. पण चित्रा वाढत गेली ती सरळ. सोळाव्या वर्षी ती भरलेल्या दोन घागरी एकावर एक घेऊन चढण चढे. थोरली दारात बसून तिच्याकडे पाही, आणि वेणुका दोघींकडे पाहताना तिचे काळीज दोन बाजूंनी ओढले जाई.

या पोरीला आचार्यांपुढे एकदा उभी करावी, एवढेच तिचे मागणे उरले होते. येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ती विचारी, "पूर्वेकडून आलात का?" कपिलकाने दोनदा निरोप धाडले. शेवटी चित्रेला घेऊन ती स्वतः निघाली. अरण्याच्या तोंडाशी आचार्यांचा एक शिष्य भेटला. आचार्य तीन पावसाळ्यांपूर्वी गेले होते. तुमच्या गावाची चौकशी अखेरपर्यंत करीत होते, असे तो म्हणाला. वेणुका तिथेच खाली बसली. मग मुलीचा हात धरून ती माघारी फिरली. उरलेल्या आयुष्यात ती अधूनमधून, हातातले काम थांबवून, पूर्वेकडे पाहत असे.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली त्या दिवशी एका वृद्ध भिक्षुणीने सभेत एक साधा प्रश्न विचारला होता आणि काही तरुण भिक्षू हसले होते. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा कपिलक म्हणजे तुमच्यातला तो, जो आज सर्वांआधी हसला आणि आता मान खाली घालून बसला आहे. ती वेणुका म्हणजे ही भिक्षुणी. आणि वरुणदत्त आचार्य मीच होतो. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणे ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता. विचारणाऱ्याबरोबर शोधत राहणे ही प्रज्ञापारमिता."

मग त्यांनी त्या वृद्धेला जवळ बोलावले आणि म्हणाले, "ये, आता तुझा प्रश्न पुन्हा विचार."