सहा करंडकांचा गट

मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत आडवाडीचं कॉलेज सलग सहाव्यांदा एकाच शहरी कॉलेजकडून अंतिम सामना हरलं. दोन्हीकडच्या पाठीराख्यांची हुज्जत चालू असतानाच, जिंकलेल्या शहरी कॉलेजचे अध्यक्ष दादासाहेब माइकवर म्हणाले, “असल्या दुबळ्या संघाला पुढच्या वर्षी खालच्या गटात टाका.”

आडवाडीची कर्णधार रेवती मान खाली घालून उभी राहिली.

तेवढ्यात आडवाडी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या, एकही सामना न चुकवणाऱ्या सिंधूताई पुढे आल्या. “जरूर टाका, दादासाहेब. फक्त तुमचे सहाही करंडक आमच्याबरोबर खालच्या गटात पाठवा. ते आम्हालाच हरवून मिळवलेत ना?”

जिंकलेल्या मुलीच आधी हसल्या, मग सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. दादासाहेबांनी माइकवरच शब्द मागे घेतला.

रेवतीला आभार मानायचे होते. तिने सिंधूताईंचा हात धरला, तो एसटी स्टँड येईपर्यंत सोडला नाही.