अठ्ठावीस शलाका

फार पूर्वी, वाराणसीत ब्रह्मदत्ताचे राज्य होते तेव्हा, बोधिसत्त्व गंगाकाठच्या एका वस्तीत नावाड्यांच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सुतीर्थ. वस्तीत शंभर घरे होती आणि त्यांना आपला ज्येष्ठक, म्हणजे प्रमुख, निवडायचा होता.

रीत अशी: प्रत्येक घराची एक शलाका असे, म्हणजे त्या घराची खूण कोरलेली वेळूची काडी. उमेदवारांपुढे एकेक मडके ठेवत. ज्याच्या मडक्यात सर्वांत जास्त शलाका पडत तो ज्येष्ठक, आणि हरलेल्यांच्या शलाका तिथेच जाळून टाकत. मागाहून कुणी कुणाबद्दल मनात अढी धरू नये, एवढाच त्यामागे हेतू. त्याबरोबर आणखी काय जळते, याचा विचार कुणी केला नव्हता.

त्या वर्षी प्रश्न जिवाचा होता. नदी वस्तीखालची दरड पोखरते आहे, पावसाआधी इथून हलू, असे तिघा उमेदवारांपैकी रोहण आणि कुंडल दोघेही म्हणत. रोहणाला पूर्वेचे टेकाड हवे, कुंडलाला पश्चिमेचे. सुतीर्थाला मात्र मनापासून वाटे की दरड पक्की आहे.

मोजणीला सारी वस्ती घाटावर लोटली. उत्साह नुसता ओसंडत होता. म्हाताऱ्या अंकुराने पुकारले, "सुतीर्थ चाळीस. रोहण बत्तीस. कुंडल अठ्ठावीस." ढोल वाजले, बोधिसत्त्वाच्या गळ्यात माळ पडली आणि अंकुर बाकीच्या शलाका घेऊन विस्तवाकडे वळला.

बोधिसत्त्वाने त्याचा हात धरला. "थांबा, आजा. साठ घरांना इथून हलायचंय. मग मी कसा निवडून आलो?"

"रीतीनं आलास. माझ्या आज्यापासून असंच चाललंय."

सुतीर्थाची बायको उत्पला हळूच म्हणाली, "अहो, मिळालंय ते घ्या की. तुमचंच बरोबर, असं रोज सांगता ना?"

"मला वाटतं तसं. पण मला वाटतं म्हणून साठ घरांचं म्हणणं जाळू कसं?"

त्याने माळ काढून ठेवली. कुंडलाच्या शलाका सर्वांत कमी. त्या त्याने जमिनीवर पसरल्या. "तुमचा माणूस हरला, पण तुमचं मत अजून शिल्लक आहे," तो त्या घरांना म्हणाला. "आपापली खूण उचला. आम्हां दोघांत जो चालेल, त्याच्या मडक्यात टाका."

मग कुंडलच उठला. "पूर्वेचं टेकाड मला पटत नाही," तो कुरकुरला, "पण वाहून जाण्यापेक्षा बरं." त्याने शलाका रोहणाच्या मडक्यात टाकली.

मग जी झुंबड उडाली ती विचारू नका! लोक खुणा शोधत होते, बाया मोठ्याने आकडे मोजत होत्या. रोहणाच्या मडक्यात एक्कावन्नावी शलाका पडली तेव्हा सारा घाट दणाणला. शेवटी रोहण छप्पन्न, सुतीर्थ चव्वेचाळीस.

बोधिसत्त्वाने माळ रोहणाच्या गळ्यात घातली. दरड पक्की आहे असे त्याला अजूनही वाटत होते, तरी सर्वांत आधी त्याने स्वतःच्या घराचे छप्पर उतरवले.

श्रावणात पूर आला. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, अख्खी दरड घाटासकट नदीत गेली. खाली एकही माणूस नव्हता. टेकाडावर बोधिसत्त्व उत्पलेला म्हणाला, "चुकलो होतो मी." आणि आनंदाने त्याच्या डोळ्यांना धार लागली.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तो रोहण म्हणजे आजचा सारिपुत्त, कुंडल म्हणजे मोग्गल्लान आणि अंकुर म्हणजे हा आनंद. हरलेला सुतीर्थ मीच होतो. त्या जन्मी मला समभाव साधला. आपले मत कितीही खरे वाटले, तरी ते शंभरांतले एक."