माहनोशचे नाणे

एका राज्यात जो गादीवर येई तो आपला मुकुट नवा घडवी. दुसऱ्याचा मुकुट घालणे म्हणजे उष्टे खाणे, असे तिथे मानीत. मग चांदीचे नाणे पाडीत. एका बाजूला मुकुटासह राजाचा मुखडा, दुसऱ्या बाजूला वेदीवरचा पवित्र अग्नी आणि त्याचे दोन राखणदार. नाणे पडले, की राज्य त्याचे.

त्या राज्यात अर्झांग नावाचा जादूगार शिरला. त्याने राजाला मंत्राने नाण्यात कोंडले आणि राजाचाच पंखांचा मुकुट चढवून गादीवर बसला. लाज त्याच्या गावीही नव्हती. पण त्याचे नाणे काही पडेना. अग्नीच्या जागी नुसती राख उमटे.

त्याने राजकन्या माहनोशला बोलावले. "तीन कामे कर, बाप सोडतो. नागाच्या विहिरीतली चांदी आण. डोंगरावरचा अग्नी आण. मग राजरक्ताच्या हाताने माझ्या नाण्याचा ठसा कोर."

विहिरीतल्या नागाने विचारले, "चांदी कुणासाठी?"

"बापासाठी."

नागाने वाट दिली. डोंगरावरचा अग्नी तिने ओंजळीत घेतला. हात भाजले नाहीत. तिथला पांढरा कोंबडा म्हणाला, "पोरी, अर्झांगचे नाणे पडले, तर तुझा बाप कायमचा चांदीचा. दुसऱ्या कुणाचे स्वतःच्या मुकुटासह पडले, तर तो सुटेल. पण राज्य त्याचे राहणार नाही."

दरबारातल्या वेदीवर माहनोशने तो अग्नी ठेवला, त्यावर चांदी तापवली आणि छिन्नी घेतली. अर्झांग छाती फुगवून बसला.

"नाक नीट काढ."

"जसे आहे तसेच निघेल."

तिने कोरला तो स्वतःचा मुखडा, आणि माथ्यावर कुणी न घातलेला चंद्रकोरीचा मुकुट.

"चांदी बाईचा मुखडा धरीत नाही," अर्झांग ओरडला.

"ते चांदीलाच विचारू," म्हणत तिने ठसा चांदीवर ठेवून हातोडा हाणला.

नाण्यावर अग्नी पेटला. दोन्ही राखणदार भाले घेऊन खाली उतरले. त्यांनी अर्झांगचा मुकुट काढला, तशी त्याची जादूही निघाली. उरला एक टकला म्हातारा. त्याला वेशीबाहेर घालवले.

राजा समोर उभा राहिला, बोडक्या डोक्याने.

"माझे राज्य गेले?"

"गेले, बाबा. मी घेतले. तुम्हांला हवे असेल, तर माझ्याशी लढा."

राजाने पंखांच्या मुकुटाकडे पाहिले आणि तो वेदीपाशी ठेवून दिला.

"राणीसाहेब, या म्हाताऱ्याला जेवायला मिळेल? नाण्यात फार उपास घडला."

तेव्हा कुठे माहनोश रडली.